गाठीची चादर

माझी वहिनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. नर्स नाही, आया नाही, लाँड्रीत. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण "वहिनी हॉस्पिटलात आहे" म्हटलं की लोक लगेच आपली दुखणी उघडून बसतात. कुणाचा गुडघा, कुणाची शुगर. "अहो, ती चादरी धुते," असं सांगितलं की त्यांचं तोंड उतरतं. जसं काही मीच त्यांना फसवलं!

लाँड्री तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. खिडक्या इतक्या उंच की बाहेरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. आत वाफ, साबणाचा वास आणि मोठ्या गोल मशीनांची घरघर. एका भिंतीला लागून लांबलचक टेबल, वरून पत्रा ठोकलेलं. त्या टेबलाशी वहिनी उभी असायची. धुणं मशीन करायचं, पिळणं मशीन करायचं, पण घड्या हातानेच. आणि तिची घडी म्हणजे अशी, की चादरींच्या चवडीवर भरलेला ग्लास ठेवला तरी पाणी हलू नये. हॉस्पिटलात सगळे तिला "घडीवाल्या बाई" म्हणायचे. मोठे डॉक्टरसुद्धा. तिचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक होतं असं मला वाटत नाही.

माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, नळाची कामं करायचा. खिशात कायम पान्हा. चर्चला जाताना कोट घालायचा तर कोटाच्या खिशातही पान्हा. वहिनी म्हणायची, "देवाच्या घरी कशाला हे?" तर म्हणे, "देवाच्या घरी नळ नाहीत का?" जगाचे नळ बंद केले ह्या माणसाने, आणि आमच्या स्वयंपाकघरातला मात्र टप टप टप. खाली एक वाटी ठेवलेली, ती भरली की ओतायची आणि परत ठेवायची. वहिनी बोलून बोलून थकली. "उद्या बघतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मी त्या दोघांबरोबरच राहायचे. लग्न केलं नाही. माझ्यापुढे कुणी टिकलं नसतं असं दादा म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. मी बस स्टँडच्या तिकीट खिडकीवर बसते. दिवसभर जाळीतून लोकांशी हुज्जत घातल्यावर माणसाची जीभ गोड राहील कशी? मी वहिनीपेक्षा वयाने लहान, तरी ती मुद्दाम मला "वन्सं" म्हणायची, चिडवायला. "या वन्सं, आज किती जणांना रडवलंत?" असं माझं दारात स्वागत व्हायचं.

संध्याकाळी घरच्या चादरी वाळल्या की दोघं मिळून गॅलरीत घड्या घालायचे. मोठ्या चादरीची घडी एकट्याने नीट होत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. दादा मधेच असा काही हिसका द्यायचा की वहिनी चादरीसकट त्याच्या अंगावर. "अहो, लाज आहे का काही? वन्सं बघतायत!" मी आपली शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत असल्याचं दाखवायचे.

आता त्या लाँड्रीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वॉर्डातल्या मळक्या चादरी ट्रॉलीतून खाली येत. पेशंट बरा होऊन घरी गेला, तर त्याची चादर नुसती बोळा करून टाकलेली. पण पेशंट वारला, तर वॉर्डातल्या मावशी त्याची चादर, पांघरूण, उशीचा अभ्रा सगळं एकत्र गुंडाळत आणि चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारत. ते वेगळं धुवायचं, जास्त गरम पाण्यात. कुणी काही बोलायचं नाही. गाठ बघायची आणि समजायचं.

ती चादर कुणालाच नको असायची. वहिनी रुजू झाली तेव्हापासून तसल्या सगळ्या तिच्याकडे आल्या. ती गाठ सोडायची आणि हात थांबवायची. डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, हा तुझा माणूस. सांभाळ." नाव माहीत नाही, बाई की पुरुष ते माहीत नाही, तरी तेवढं म्हणायची आणि मग कामाला लागायची. लाँड्रीतले बॉयलरवाले काका सांगतात, कामाची कितीही घाई असली तरी तेवढा वेळ ते मशीनचं बटण दाबत नसत.

मी तिला एकदा म्हटलं, "मेलेल्या माणसाला काय सांभाळ म्हणतेस? सांभाळायचं होतं तेव्हा सांभाळलं का त्याने?" मी अशीच बोलते. चर्चला जाते, सगळ्यांबरोबर गाणीही म्हणते, पण देवाशी माझं वागणं तिकीट खिडकीसारखंच, मधे जाळी. वहिनी चिडली नाही. "तू तुझं भांड, मी माझं सांगते," एवढंच म्हणाली. खरं सांगायचं तर मी तिच्याच जिवावर निर्धास्त होते. घरात एकीचा विश्वास पक्का असला की दुसरीने कुरकुर केलेली चालून जाते.

एका वर्षी दादाच्या छातीत पाणी झालं. ताप उतरेना, श्वास पुरेना. त्याला त्याच हॉस्पिटलात ठेवलं, पुरुषांच्या वॉर्डात. तिथल्या उशीवर त्याला झोप लागेना, तेव्हा वहिनीने घरून अभ्रा नेला. निळ्या चौकड्यांचा, दादाच्याच जुन्या शर्टाचा शिवलेला. शर्टाचा खिसा उसवून काढला होता, पण तिथला कपडा कमी विटलेला, त्यामुळे खिशाची चौकोनी खूण तशीच दिसायची. घरचं काही आणायचं नाही असा वॉर्डाचा नियम. सिस्टरने नाक मुरडलं, पण घडीवाल्या बाईंना नाही कोण म्हणणार?

वहिनी खाली काम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन त्याला भरवायची. त्या दिवशी सुट्टी व्हायच्या आधीच ट्रॉली आली. त्यात एक गाठीची चादर होती. वहिनीने गाठ सोडली, आणि आतून निळ्या चौकड्यांचा अभ्रा खाली पडला.

बॉयलरवाले काका सांगतात, ती ओरडली नाही. अभ्रा उचलला, उलटा केला, खिशाची खूण बघितली. मग तो तिथेच टेबलावर ठेवला आणि ओल्या हातांनी जिना चढून गेली. वॉर्डात दादाची खाट रिकामी. गादी गुंडाळून पायथ्याशी ठेवलेली, लोखंडी पट्ट्या उघड्या. त्या पट्ट्यांवर ती बसली, आणि मग मात्र तिने जो हंबरडा फोडला तो म्हणे गेटवरच्या रखवालदाराने ऐकला. तिने कुणाला काही विचारलंच नाही. विचारायचं काय? गाठ होती, अभ्रा होता, खाट रिकामी होती. इतकी वर्षं ती त्यावरूनच तर सगळं समजत आली होती.

कुणीतरी मला बस स्टँडवर फोन केला. मी खिडकी धाडकन लावली. रांगेतले लोक बोंबलले, बोंबलू देत. हॉस्पिटलात पोचले, वहिनीच्या गळ्यात पडले आणि दोघी रडरड रडलो. मग मला राग आला. मला दुःख फार वेळ धरवत नाही, त्याचा लगेच राग होतो. जेवून नुकत्याच परतलेल्या वॉर्डाच्या सिस्टरला मी गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "माणूस गेला तर घरच्यांना सांगायची काही पद्धत? त्याची बायको खाली तुमच्याच चादरी धुतेय, आणि तिला ते चादरीवरून कळायचं?"

सिस्टर आ वासून बघत राहिली. "कोण गेलं?"

"माझा भाऊ! ह्या खाटेवरचा!"

"अहो बाई, ते कुठे गेलेत? त्यांना मागच्या वऱ्हांड्यात हलवलंय. सकाळपासून ताप नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हात बसवा."

आम्ही दोघी मागे धावलो. वऱ्हांड्यात छान ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात माझा भाऊ, हॉस्पिटलच्या ढगळ पायजम्यात, हात धुवायच्या बेसिनखाली उकिडवा बसला होता. हातात पान्हा! तो त्याच्याकडे कुठून आला हे देव जाणे. आमचे हुंदके ऐकून त्याने मान वर केली.

"काय गं? कोण गेलं?"

वहिनीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग आणखी एक. मग त्याला धरून तिथेच फरशीवर बसली. ती हसतेय की रडतेय ते कळेना. आणि तो बिचारा समजावतोय, "अगं, वॉशर गेलाय ह्याचा. केव्हापासून गळतंय, कुणाचं लक्ष नाही."

मग सगळा उलगडा झाला. सकाळी त्याला हलवलं तेव्हा उशी मागेच राहिली. त्याच खाटेवर लगोलग एका म्हाताऱ्या मास्तरांना आणलं. त्यांची अखेरच चालली होती, आणि दादाच्या उशीवर डोकं ठेवून ते गेले. वॉर्डातली मावशी नवीन होती. तिने अभ्रा कुणाचा, घरचा की दारचा, काही बघितलं नाही. सगळं गुंडाळलं आणि गाठ मारली.

हे कळल्यावर वहिनी उठली. पदराने तोंड पुसलं. "मी खाली जाऊन येते," म्हणाली.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"गाठ सोडली आणि तशीच टाकून आले गं. मास्तर राहिले ना माझे."

मला तर आनंदाच्या भरात त्या मास्तरांचा विसरच पडला होता. कुणाचं तरी माणूस त्या दिवशी गेलंच होतं. वहिनी खाली गेली, त्यांच्यासाठी डोळे मिटून उभी राहिली, मग ते सगळं धुतलं, आणि अभ्रा घडी करून घेऊन आली.

ह्यानंतर दादा बरीच वर्षं जगला, आणि ही गोष्ट त्याने इतक्या वेळा सांगितली की आमच्या भिंतींनाही पाठ झाली असेल. दर खेपेला थोडी भर. दर वर्षी ईस्टरची उपासना संपली की चर्चच्या दारात उभा राहून पाळकांनाच सांगायचा, "त्या कबरेपाशी रडणाऱ्या बाईसारखी आमची हीसुद्धा रिकामी जागा बघून रडून आलेली आहे, विचारा तिला."

"देवाच्या गोष्टीत आपली टिंगल नको हो," वहिनी म्हणायची.

"टिंगल कुठे करतोय? तुझी चूक सांगतोय."

"झाली एकदा चूक. आता काय गळ्यात पाटी अडकवून फिरू?"

पाळक हसायचे. स्वभावाने भले माणूस ते, थोडे लांबण लावतात एवढंच.

मग दादाचं हृदय थकलं. परत तेच हॉस्पिटल, परत तोच अभ्रा. हा अभ्रा शुभ आहे म्हणून तो हट्टाने घेऊन गेला. ह्या वेळी कुणाची चूक झाली नाही. दुपारची वेळ होती, वहिनी उशाशी, मी पायाशी. त्याचा हात तिच्या हातात होता. त्याने श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. वहिनी बराच वेळ वाट बघत बसली. मीही बसले. मग सिस्टर आली आणि तिने हळूच वहिनीची बोटं सोडवली.

दफनाच्या दिवशी त्याला कोट घातला. पान्हा ठेवायचा का, असं मी विचारलं, तर वहिनी म्हणाली, "नको, काहीतरीच काय." मी तिचं लक्ष नाही असं बघून खिशात सरकवला. माती पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मला वाटलं होतं, वहिनी सावरेल आणि मलाही सावरेल. आजवर कुणाचंही काही झालं की तीच तर उभी राहायची. पण ती घरी आली आणि दादाच्या खाटेवरची गादी तिने गुंडाळून पायथ्याशी ठेवली, हॉस्पिटलात ठेवतात तशी. समोर खुर्ची टाकून बसली. बसली ती बसलीच. कामावर जाईना. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खायची, परत खुर्चीत. नळाखालची वाटी भरून वाहायची. ज्या बाईने उभ्या आयुष्यात ओट्यावर पाण्याचा थेंब राहू दिला नाही, ती शेजारून निघून जायची आणि तिला ते दिसायचंही नाही.

पाळक येऊन गेले. पुनरुत्थानाबद्दल, प्रभूच्या वचनाबद्दल जे सांगायला हवं ते सगळं त्यांनी सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. वहिनी "हो, हो" म्हणत राहिली. ते गेल्यावर मला म्हणाली, "वन्सं, ते म्हणाले ते सगळं मला ठाऊक आहे गं. पण मी प्रार्थनेला बसते ना, तर आत काही ऐकूच येत नाही. पूर्वी हाक मारली की वाटायचं, आत कुणीतरी आहे, ऐकतंय. आता रिकाम्या घरात ओरडल्यासारखं वाटतं. खाट रिकामी झाली ते झालं. मीच रिकामी झालेय."

मला भीती वाटली. कधी नव्हे ती भीती वाटली. दादा गेला होता, आणि आता ही पण माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. धरून ठेवावं तर कशाला धरून? माझ्याजवळ काय होतं? माझं सगळं तर हिच्याकडेच ठेवलेलं!

एक दिवस बॉयलरवाले काका आले. खुर्चीच्या कडेवर बसून टोपी हातात फिरवत म्हणाले, "बाई, दादांची चादर... ती तशीच आहे. पोत्यात घालून वरच्या फळीवर ठेवलीय. गाठीच्या चादरी तुम्हीच सोडता, म्हणून मी कुणाला हात लावू दिला नाही. साहेब ओरडले, पण मी म्हटलं, बाई येतील."

"काका, त्यातला अभ्रा मला आणून द्या," मी म्हटलं. "न धुता. त्याला दादाचा वास असेल."

"नको," वहिनी एकदम बोलली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा आला. "कुणी सोडू नका ती गाठ. मी पण नाही सोडणार. सोडली की संपलंच मग." काका उठून निघून गेले.

ईस्टर आला. दर वर्षी चर्चमधल्या वेदीवरचं पांढरं कापड वहिनी धुऊन, इस्त्री करून द्यायची. ह्या वर्षी मी केलं, आणि एका कोपऱ्यावर इस्त्रीचा पिवळा डाग पाडला. सकाळी वहिनी उठेना. "तू जा," म्हणाली. मग माझं डोकं फिरलं. "तू आली नाहीस तर मीही जाणार नाही. मी गेले नाही तर पाळक विचारपूस करायला घरी येतील. आले की चहा मलाच करावा लागेल आणि त्यांचं अर्धा दिवस बोलणं मलाच ऐकावं लागेल. ऊठ!" ती उठली. माझ्याशी भांडण्यापेक्षा साडी नेसणं सोपं, असा हिशेब केला असणार तिने.

आम्ही मागच्या बाकावर बसलो. वेदीवरचा तो पिवळा डाग मला तिथूनही दिसत होता. पाळकांनी वाचायला घेतलं, दर वर्षीचंच. भल्या पहाटे बायका कबरेकडे गेल्या, धोंड बाजूला झालेली, आत प्रभू नाही. त्यांतली एक बाहेर रडत उभी राहिली. म्हणाली, त्यांना कुणीतरी नेलं, कुठे ठेवलंय कुणास ठाऊक. शिष्यांनी आत डोकावून बघितलं, तर गुंडाळलेली तागाची वस्त्रं नुसती पडलेली, आणि डोक्याला बांधलेलं कापड घडी करून एका बाजूला वेगळं ठेवलेलं.

माझ्या कुशीत कोपर बसलं. "काय म्हणाले?" वहिनी कुजबुजली. "कापडाचं काय म्हणाले?"

"घडी करून ठेवलं होतं. दर वर्षी तेच तर वाचतात."

वहिनी उठली आणि भर उपासनेत चालू लागली. लोकांनी माना वळवल्या. मी पर्स सावरत मागे. फाटकाबाहेर गाठलं तिला.

"अगं, निघालीस कुठे?"

"कामावर."

"आज?"

"हॉस्पिटलाला सुट्टी असते का कधी?" ती थांबेना, मी धापा टाकत शेजारी. "वन्सं, मेलेल्या माणसाच्या कापडाला गाठ असते. जन्मभर बघितलं मी. दुसऱ्या कुणीतरी गुंडाळलेलं असतं ते. घडी कोण घालतं? सकाळी जो स्वतः उठतो, तो आपल्या पांघरुणाची घडी घालतो आणि बाहेर जातो. मी दर वर्षी ऐकत आले गं, आणि माझ्या लक्षात कसं आलं नाही!"

"दादाने तर जन्मात कधी पांघरुणाची घडी घातली नाही," मी म्हटलं. माझ्या तोंडाला कुलूप नाहीच.

ती थांबली. मला वाटलं, आता रडते. पण तिच्या ओठाचा कोपरा हलला. "नाही घातली," म्हणाली. "शिकवीन मी." मग परत चालायला लागली. "आणि ती बाई बघ. जागा रिकामी दिसली, की ठरवूनच टाकलं तिने. गेलं, नेलं, संपलं. मी तेच केलं होतं की नाही त्या दिवशी? खाट रिकामी बघितली आणि गळा काढला. कुणाला विचारलंसुद्धा नाही."

"वहिनी, तेव्हा दादा जिवंत होता गं," मी म्हटलं. मला म्हणायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "ह्या वेळी आपण बघितलंय. हात तुझ्या हातात होता. माती दिली आपण."

"त्या बायकांनीही बघितलं होतं. त्यांनीच तर प्रभूला कबरेत ठेवताना पाहिलं. माझा काही हट्ट नाही की हे उद्या दारात येऊन उभे राहावेत. ते येणार नाहीत, माहीत आहे मला. पण रिकामं म्हणजे संपलं, हे मला कोण म्हणालं? मीच म्हणाले. तेव्हाही मीच आणि आताही मीच. एकच चूक किती वेळा करायची बाईने?"

लाँड्रीत एकच मशीन चालू होतं. बॉयलरवाल्या काकांनी आम्हाला बघितलं, स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरचं पोतं खाली काढलं. वहिनीने चर्चची साडी खोचली. टेबलावर चादर ठेवली. गाठ घट्ट बसली होती, तिला नखाने उकरावी लागली. काकांनी जाऊन मशीन बंद केलं. गाठ सुटली. वहिनीने डोळे मिटले.

"प्रभू, हा तुझा माणूस. सांभाळ." ती थांबली. नेहमी एवढ्यावरच संपायचं. "आणि माझाही आहे," ती म्हणाली, आणि मग ती रडली. तोंड उघडून, खांदे हलवून, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. काका उंच खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय बघत राहिले.

मग तिने अभ्रा उचलून माझ्यापुढे धरला. "घे. वास घे एकदा."

मी तोंड खुपसलं त्यात. दादाचा वास नव्हता. फिनेलचा होता, पोत्याचा होता. एवढे दिवस मी त्या वासासाठी झुरत होते आणि तो तिथे नव्हताच. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच स्टुलावर बसले. वहिनीने अभ्रा माझ्या हातातून हळूच काढून घेतला, खिशाच्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि मशीनमधे टाकला. बटण तिनेच दाबलं.

घरी आलो तेव्हा नळाखालची वाटी भरून ओट्यावर पाणीच पाणी झालं होतं. वहिनीने फडकं घेतलं आणि पुसलं. मी म्हटलं, "बोलावू का एखाद्या नळवाल्याला?"

"राहू दे. हे 'उद्या बघतो' म्हणालेत ना," ती म्हणाली. "पान्हा दिलायस तू त्यांना. मला दिसलं नाही असं वाटलं काय?"

मी गॅलरीत जाऊन घरची वाळलेली चादर काढली, दादाच्या खाटेसाठी. तिने एक बाजू धरली, मी दुसरी. टोकाला टोक लावताना माझ्या हातून दोनदा तिरकं झालं. मला राहवेना. "वहिनी, आणि नसेल तर गं? हे सगळं खरं नसेलच तर?"

ती चादर ताणून धरून उभी राहिली. "त्या दिवशी मी त्या लोखंडी पट्ट्यांवर बसले होते ना, तेव्हा माझी अगदी पक्की खात्री होती. हे नाहीत म्हणून. तेवढी खात्री मला आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. आणि हे मागे उन्हात बसले होते."

एवढं बोलून तिने असा काही हिसका दिला, की मी चादरीसकट तिच्या अंगावर जाऊन पडले.

"टोकं नीट जुळवा, वन्सं," ती म्हणाली.